एकाच मालकिणीची गाडी

पोर्चमध्ये चादर पिळताना वहिनींच्या लक्षात आलं की फाटकासमोर एक पांढरी गाडी मघापासून उभी आहे आणि दोन पुरुष तिच्याभोवती घिरट्या घालताहेत. एकाच्या गळ्यात टाय होता. दुसरा हातातल्या पिवळ्या फडक्यानं बॉनेट पुसत होता. पुसून झालं की लांब जाऊन बघे, आणि परत येऊन तिथंच पुसे. टायवाला रस्त्यापलीकडून मोबाईलवर फोटो काढत होता. प्रत्येक फोटोत गाडीच्या मागे वहिनींचं घर येत असणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"कोण पाहिजे?" वहिनींनी विचारलं.

टायवाला लगबगीनं पुढे आला. "कुणी नाही काकू. दोन मिनिटं फक्त. आमचा जुन्या गाड्यांच्या विक्रीचा धंदा आहे, मोठ्या रस्त्याला. पण आमच्या आवारात मागे पत्र्याचं कुंपण आणि बाजूला टायरचा ढीग. तिथे राजाचा रथ उभा केला तरी भंगार वाटेल. तुमचं घर कसं प्रसन्न आहे. गाडी खुलून दिसते."

वहिनींना हसू आलं. घराचं कौतुक त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "काढा. पण ह्या चादरी येतील ना मध्ये?"

"त्या जरा बाजूला घेतल्या तर उपकार होतील," टायवाला म्हणाला.

वहिनींनी ओल्या चादरी गोळा केल्या आणि आत नेऊन खुर्च्यांवर टाकल्या. इथून सगळं सुरू झालं.

घर खरंच चांगलं होतं. वहिनींचे यजमान पाइपच्या कारखान्यात नकाशे काढायचे, आणि हा एक नकाशा त्यांनी स्वतःसाठी काढला होता. जिन्यावर गोल खिडकी, पुढे दोन पायऱ्या, कुंपणावर केशरी बोगनवेल, आणि घराच्या मानानं जरा जास्तच ऐसपैस पोर्च. "उद्या मोठी गाडी घेतली तर?" असं ते म्हणायचे. गाडी काही आली नाही. आधी बहिणीचं आजारपण निघालं, मग छप्पर गळायला लागलं, आणि मग एका सकाळी ते उठलेच नाहीत. पोर्चमध्ये दोरी बांधली गेली. तिथे कपडे फार छान वाळत.

आता घरात दोघीच राहत होत्या, वहिनी आणि त्यांची नणंद. नणंदेला घरात सगळे बेबी म्हणत. बेबीची पन्नाशी कधीच उलटली होती आणि इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तिचा असा दरारा होता की हाडं आपणहून सरळ राहत असावीत. पण घरी ती बेबीच. सकाळी डबा घेऊन जायची ती दिवस कलताना परत यायची. मधला सगळा वेळ वहिनी आणि घर. वहिनी केर काढत, कुंड्यांना पाणी घालत, रेडिओ लावत, बंद करत. फोन यायचा तोही बहुतेक वेळा चुकून.

म्हणून त्या दोघांचं येणं त्यांना आवडू लागलं. कधी लाल गाडी असे, कधी राखाडी. टायवाला आणि फडकंवाला मेहुणे-मेहुणे होते. टायवाल्याची बहीण फडकंवाल्याला दिली होती. टायवाला बोले, फडकंवाला पुसे. वहिनी फाटक उघडून ठेवत, दोरी काढून ठेवत, त्यांचा फोन आला की बोगनवेलीखालची वाळकी पानंही झाडून घेत. मग दोघांना चहा. फडकंवाला कप विसळून ठेवायचा. टायवाला गप्पा मारायचा. त्याला माणसाकडून बोलणं काढून घेण्याची हातोटी होती. पोर्च एवढा मोठा कसा, असं त्यानं एकदा विचारलं आणि वहिनींनी सगळं सांगितलं. गाडीची हौस, पुढे पुढे ढकललेले बेत, ती सकाळ. टायवाला चहा थांबवून ऐकत होता. त्याचे डोळे ओलावलेसुद्धा. वहिनींना वाटलं, माणूस चांगला आहे.

हे सगळं त्यांनी बेबीला सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी राहून गेलं, आणि नंतर सांगायचं म्हणजे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं.

एकदा एक निळी गाडी थेट पोर्चमध्येच आणून लावली. फडकंवाल्यानं आतून-बाहेरून पुसली. टायवाला फोनमधून बघत होता, त्याचं समाधान होईना. तो म्हणाला, "काकू, तुम्ही पायरीवर उभ्या राहता का? घरचं माणूस दिसलं की गाडी घरची वाटते."

"मी? ह्या अवतारात?"

"बदला ना कपडे. आम्ही थांबतो."

वहिनींनी आत जाऊन ठेवणीतले कपडे काढले, केस विंचरले, चष्मा पुसला. बाहेर येऊन त्या पायरीवर उभ्या राहिल्या. निळी गाडी पोर्चमध्ये अगदी नकाशात मापल्यासारखी बसली होती. "हात गाडीवर ठेवा," टायवाला म्हणाला. त्यांनी ठेवला. पत्रा उन्हानं कोमट झाला होता. फोटो काढून झाल्यावरही त्यांनी हात लगेच उचलला नाही.

पुढे बरेच दिवस काही घडलं नाही. मग बेबीच्या सुट्टीच्या दिवशी, दोघी जेवून उठल्या होत्या, तेव्हा दारावरची घंटा वाजली.

दारात एक धट्टीकट्टी बाई उभी होती, पस्तिशीची, उन्हानं रापलेली, केस आखूड. तिच्या मागे रस्त्यावर रिक्षा थांबली होती आणि रिक्षात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाईनं वहिनींकडे पाहिलं, मग गोल खिडकीकडे, मग पुन्हा वहिनींकडे.

"काकू, एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्या मिस्टरांनी गाडी कधी पुराच्या पाण्यातून नेली होती का?"

वहिनींना प्रश्नच कळला नाही. "कोणती गाडी?"

"निळी. तुमची. मी घेतली ती."

"आमच्याकडे गाडी कधीच नव्हती," मागून बेबी म्हणाली. "तुमचं घर चुकलंय."

बाई भांडायला आलेली दिसत नव्हती. तिनं शांतपणे फोन काढला आणि पुढे धरला. फोनवर वहिनी होत्या. ठेवणीतल्या कपड्यांत, पायरीवर, गाडीवर हात ठेवून. खाली लिहिलं होतं: 'एकाच मालकिणीची गाडी. पतींनी हौसेनं घेतली, पण त्यांना उपभोग लाभला नाही. त्यांच्या पश्चात घरच्या पोर्चमध्येच उभी. मालकीणबाई जड मनानं विकत आहेत.'

बेबीनं ते वाचलं. एकदा, मग पुन्हा. तिनं फक्त वहिनींकडे पाहिलं, आणि वहिनींनी खाली.

"आत या," बेबी बाईला म्हणाली. "रिक्षातल्यांनाही घेऊन या."

ते बाईचे वडील होते. त्यांचे पाय गेलेले होते. दोघींनी बाईला हातभार लावून त्यांना आत आणलं, आरामखुर्चीत बसवलं. बाई तरणतलावावर पोहायला शिकवायची. वडिलांना उपचारांना न्यायला गाडी हवी होती, आणि ह्या गाडीच्या डिकीत चाकांची खुर्ची घडी करून सहज मावत होती. बघताक्षणी आवडली. गाडी थोडे दिवस चालली आणि मग भर चौकात बंद पडली, मागे गाड्यांचा नुसता कल्ला, आणि वडील आत. गॅरेजवाल्यानं सीटखालचं कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ. गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, तो म्हणाला. वरून चकाचक केली आहे, आतली वायरिंग कुजली आहे.

"कागदावर तुमचं नाव नव्हतं," ती म्हणाली. "मी विचारलंही. ते म्हणाले, गाडी काकूंच्या भाच्याच्या नावावर होती. काकूंना भेटू का म्हटलं, तर म्हणाले, दुःखात आहेत, त्रास नको द्यायला. मला वाटलं, खरंच, कशाला त्रास. आता ते काखा वर करतात. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं. खिडकीवरून घर शोधत आले."

"मला भाचा नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "गाडी त्यांची आहे. मी नुसती उभी राहिले."

म्हातारबुवा म्हणाले, "फोटो बघून मीच हिला म्हटलं होतं, घे. बाईच्या चेहऱ्यावर खोटं नाही."

ते टोमणा मारत नव्हते. त्यामुळेच वहिनींना तिथे बसवेना. पाणी आणते म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि माठाशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

बापलेक गेल्यावर बेबीनं दार लावून घेतलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"झाले थोडे."

"आणि मी इथेच राहते ना?"

"सांगणार होते."

"दादाचं नाव नाही लिहिलं हे नशीब." बेबी खुर्चीत बसली, लगेच उठली. "अगं, घराचा फोटो काढला, काढू दे. तू उभी राहिलीस, राहा. पण तो कसा गेला, त्याला काय हवं होतं, हे त्या माणसाला कसं कळलं? चहाबरोबर दिलंस?"

वहिनींना रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तू दिवसभर नसतेस, बेबी. कुणीतरी विचारलं, म्हणून सांगितलं. बाकी कुणी विचारत नाही."

बेबी उगाच टेबलावरचे पेले एकात एक घालत राहिली. मग म्हणाली, "उद्या मी रजा टाकते. त्या टायवाल्याची आपण जरा हाडं बघू."

"ये बरोबर. पण तू बोलायचं नाहीस," वहिनी म्हणाल्या. "फोटोत मी आहे."

दुसऱ्या दिवशी तिघी तिथे गेल्या. पोहायला शिकवणारीही आली. आवार टायवाल्यानं सांगितलं होतं तसंच होतं, पत्र्याचं कुंपण, टायरचा ढीग, आणि कडेला काचेची केबिन. वहिनींना मात्र दुसरंच काही दिसलं. फाटकाच्या आतल्या बाजूला, केबिनशेजारी, पुरुषभर उंचीचा फलक लावला होता. त्यावर त्यांचं घर होतं. गोल खिडकी, बोगनवेल, आणि निळी गाडी विकून झालेली असल्यामुळे तिच्या जागी चिकटवलेली दुसरीच एक चकचकीत गाडी. पायरीवर वहिनी होत्याच. त्यांचा हात ह्या गाडीवर नीट टेकत नव्हता, थोडा हवेत राहिला होता. वर मोठ्या अक्षरांत: 'घरची गाडी, घरच्यासारखी.'

टायवाला हसत बाहेर आला. पोहायला शिकवणारी दिसल्यावर त्याचं हसू जरा आकसलं. तरी त्यानं खुर्च्या मागवल्या, थंड पाणी मागवलं.

"काकू, तुम्ही कशाला उन्हाच्या आलात? मीच आलो असतो."

"ह्यांची गाडी परत घ्या," वहिनी म्हणाल्या.

"अहो, तसं नसतं हो. विकलेली वस्तू. त्यांनी बघून घेतली, चालवून घेतली, सही केली."

"ती पाण्यात होती."

"आम्हालाही कुणीतरी विकलीच ना? आम्ही काय आत शिरून बघतो?"

फडकंवाला केबिनच्या दारात उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

"आणि माझ्याविषयी लिहिलंत ते?"

"जाहिरात आहे ती काकू. जाहिरातीत थोडं इकडचं तिकडे होतंच. कुणाचं वाईट लिहिलं का? चांगलंच लिहिलं." त्यानं पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला आणि आवाज खाली आणला. "आणि खरं सांगायचं तर, तुम्ही स्वतःच उभ्या राहिलात. कपडे बदलून आलात. मी काही जबरदस्ती केली नाही."

बेबी खुर्चीतून निम्मी उठली. वहिनींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहिले ना," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आले आहे."

त्यांनी खुर्ची उचलली. हलकी प्लास्टिकची होती. ती त्यांनी फाटकाजवळच्या फलकाखाली नेऊन ठेवली आणि तिच्यात बसल्या. टायवाल्याला आधी काही कळलं नाही. तो म्हणाला, "काकू, तिथे ऊन आहे."

"असू दे."

थोड्या वेळानं एक नवराबायको आले, लहान मुलीला घेऊन. मुलीनंच आधी ओळखलं. ती फलकाकडे बघे, खुर्चीकडे बघे, आणि आईचा हात ओढे. आई हसून म्हणाली, "अगंबाई, ह्या तुम्हीच का?"

"हो, मीच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या. "घर माझं आहे. गाडी माझी नाही. आमच्याकडे कधी गाडी नव्हती. ह्या बाईंनी माझा फोटो बघून इथून गाडी घेतली, ती पुरातली निघाली. तुम्ही घ्या, पण कार्पेट उचलून बघा."

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, आम्ही नंतर येतो. टायवाला फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेला, पण ते थांबले नाहीत.

मग एक एकटा माणूस आला, त्यालाही वहिनींनी तेच सांगितलं. तो गेला नाही. उलट त्यानं खरोखरच एका गाडीचं कार्पेट उचलायला सांगितलं, आणि टायवाला आज किल्ली सापडत नाही म्हणाला. बेबीनं पर्समधून छत्री काढली आणि वहिनींच्या डोक्यावर धरून उभी राहिली. इस्पितळात तिला असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. आपल्याला बोलायला मनाई आहे हे ती कसोशीनं पाळत होती; नुसती बघत होती, आणि ते पुरेसं होतं.

टायवाल्यानं विनवून पाहिलं. मग पोलिसांना बोलावतो म्हणाला. पोहायला शिकवणारी म्हणाली, "बोलवा ना, मलाही बोलायचंच आहे त्यांच्याशी." तो केबिनमध्ये गेला. काचेतून दोघे मेहुणे बोलताना दिसत होते, किंवा नेहमी न बोलणारा बोलताना दिसत होता. फडकंवाला हातवारे करत नव्हता. तो फक्त पुन्हा पुन्हा एकच काहीतरी म्हणत होता.

शेवटी तो एकटाच बाहेर आला. पोहायला शिकवणारीला म्हणाला, "गाडी पाठवून द्या ताई. व्यवहार परत फिरवतो. मी लिहून देतो." मग वहिनींपाशी येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण बोलणं त्याचं काम नव्हतं. त्यानं टायरच्या ढिगाशी पडलेला पाना आणला आणि फलकाचे नट सोडवायला घेतले. फलक खाली आला तेव्हा वहिनींनी खुर्ची बाजूला सरकवून त्याला वाट दिली.

व्यवहार एकदम फिरला नाही. पोहायला शिकवणारीला पुढे बऱ्याच चकरा माराव्या लागल्या, आणि दोनदा बेबी तिच्याबरोबर गेली. पण फिरला. तिनं नंतर दुसरीकडून गाडी घेतली, ओळखीच्या डॉक्टरांची, ओबडधोबड, पण कोरडी. तिचे वडील बेबीला मॅडम म्हणायचे आणि वहिनींना फोटोवाल्या बाई. वहिनींना सुरुवातीला ते लागायचं. नंतर लागेनासं झालं.

घरात त्या दुपारच्या बोलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. फक्त बेबी कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधीच विचारू लागली, "काय झालं आज?" आणि आज काही झालं नाही हे उत्तर तिला चालत नसे. मग वहिनी काहीतरी शोधून काढत. न सापडल्यास रचत.

एकदा पोहायला शिकवणारीनं फोनवर एक जाहिरात आणून दाखवली. गाडी करड्या रंगाची, मागे हिरवं फाटक आणि पांढऱ्या जाळीचा व्हरांडा. फोटो काढण्याची तऱ्हा तीच. घर तरणतलावाच्या मागच्या गल्लीतलं होतं. तिनं ते येता-जाता पाहिलेलं.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच तिथे गेल्या. दार एका वयस्क गृहस्थांनी उघडलं. अंगात स्वच्छ सदरा, दाढी नुकतीच केलेली. कुणाची तरी वाट बघत असावेत. वहिनींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "माहीत आहे मला, जुन्या गाड्या विकतात. त्यातला एक फार कमी बोलतो. तो माझा नळ दुरुस्त करून गेला."

"पण ते तुमच्या घराचं काय करतात ते पाहिलंत का?"

"नाही पाहिलं." त्यांनी गालावरून हात फिरवला. "बाई, खरं सांगू का, ते आले की बरं वाटतं. मी दाढी करतो."

वहिनींना आणखी बरंच म्हणायचं होतं. गाळाचं, चौकाचं, त्या म्हाताऱ्या बापाचं पुन्हा एकदा सांगता आलं असतं. त्यांनी व्हरांड्यात नजर फिरवली. भिंतीवर एका बाईचा फोटो होता, हसऱ्या, जरा लाजऱ्या चेहऱ्याचा.

"ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

गृहस्थ सांगू लागले. सांगता सांगता त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली, आणि वहिनी बसल्या.

"हे त्या दोघांना सांगितलंत का?" मध्येच वहिनींनी विचारलं.

"अजून नाही."

"मग नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "मला सांगा. मी येत जाईन."